हट्ट म्हणायची घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दीड-दोन वर्षांच्या मुलाच्या गमती सांगताना घरातलं प्रत्येक माणूस खुलतं. फोनवर विचारलेल्या प्रश्नाला नुसती मान डोलावणारं मूल, डोळ्यांवर हात ठेवून ‘मी लपलो’ म्हणणारं मूल, मुठीएवढ्या खेळण्यातल्या गाडीत पाय घालून बसू पाहणारं मूल. आणि तासाभरात तेच घर म्हणतं, ‘हल्ली फार हट्टी झालंय.’ आम्ही दोघी पाळणाघरात एक ते तीन वर्षांच्या मुलांबरोबर काम करतो. ज्याचं हसू येतं आणि ज्याचा राग येतो, त्या दोन्ही गोष्टींचं मूळ बहुतेक वेळा एकच असतं, असं आमचं ठाम मत आहे. मुलाला एक गोष्ट नुकतीच जमायला लागलेली असते आणि तिला लागून असलेली दुसरी अजून जमत नसते. कोणती जमते आणि कोणती नाही एवढं हेरता आलं, तर पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं ते सुचतं. आपल्या वाचकांत या वयाच्या मुलांचे आईबाप आणि आजीआजोबा पुष्कळ असतील, म्हणून हे लांबलेलं पत्र.

‘नको’पासून सुरुवात करतो. दीड वर्षाच्या आसपास हा शब्द येतो आणि मग काही महिने दुसरा शब्दच उरत नाही. आंघोळ? नको. बाहेर जायचं? नको. आणि ‘नको, नको’ म्हणत मूल चपलेत पाय सरकवून दारात उभं. तोंड एक सांगतं, पाय दुसरं. या ‘नको’चा अर्थ पुष्कळदा ‘ती गोष्ट नको’ असा नसतोच. हा शब्द उच्चारला की मोठी माणसं हातातलं काम थांबवतात, वळून बघतात, पुन्हा विचारतात, हे मुलाला नुकतंच उमगलेलं असतं, आणि तो शब्द ते वापरून वापरून बघतं. त्यामुळे ज्या प्रश्नाला ‘नको’ हे उत्तर आपल्याला चालणार नाही, तो प्रश्न विचारूच नये. ‘आंघोळ करायची का?’ यातला ‘का’ काढून टाका. ‘आता आंघोळ. साबण तू घेतोस की टॉवेल?’ आंघोळ ठरलेली आहे, ठरवायला मुलाकडे साबण आणि टॉवेल आहेत.

इथे एक खाचखळगा आहे. दोन पर्याय तोंडी दिले तर दोन वर्षांचं मूल बहुधा शेवटी ऐकलेला उचलतं. ‘निळा सदरा की लाल?’ ‘लाल.’ ‘लाल की निळा?’ ‘निळा.’ घरातले हसतात आणि मग वैतागतात, कारण लाल सदरा अंगात घातल्यावर मूल रडायला लागतं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात हे नीट मोजलेलं आहे, आणि त्यात कामाची गोष्ट अशी निघाली की मुलांना बोट दाखवून निवडायला दिलं की हा कल दिसत नाही. कारण सोपं आहे: ऐकलेला पहिला शब्द डोक्यात धरून ठेवणं अवघड, शेवटचा जिभेवर तयारच असतो. तेव्हा दोन्ही सदरे दोन हातांत धरून समोर न्यावेत आणि हात कुठल्या सदऱ्याकडे जातो ते बघावं. पर्याय दोनच. तिसरा आला की निवड संपते आणि पळापळ सुरू होते.

आपल्या मराठीचीही एक अडचण आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गरम भांड्याला हात लावू नको’ यात मुलाच्या कानावर आधी भांडं येतं, मग हात येतो, मग लावणं येतं, आणि ‘नको’ पोचेपर्यंत हात निघालेला असतो. निघालेला हात मधेच थोपवणं ही या वयातली सगळ्यात कठीण गोष्टींपैकी एक. म्हणून जे करायला हवंय ते आधी आणि दोन-तीन शब्दांत सांगावं. ‘हात मागे. गरम आहे.’ ‘पळू नको’ऐवजी ‘चाल, चाल’. ‘सांडू नको’ऐवजी ‘दोन्ही हातांनी धर’. ‘ओरडू नको’ हे तर आपण स्वतःच ओरडून सांगत असतो. त्याऐवजी जवळ जाऊन आपलाच आवाज खाली आणावा, बहुतेक मुलं आपला आवाज त्याला जुळवतात. सांगायचं ते दुसऱ्या खोलीतून नाही, हातभर अंतरावरून, गुडघ्यावर बसून, आधी नाव घेऊन. आणि सांगून झालं की मनात पाचपर्यंत मोजायचं. हे मोजणं फार महत्त्वाचं आहे. मुलाला वाक्य उलगडायला वेळ लागतो, आणि आपण दुसऱ्याच सेकंदाला तेच वाक्य वेगळ्या शब्दांत म्हणतो, की मुलाचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू.

मराठी घरांतल्या सगळ्यात गोड चुका क्रियापदांच्या असतात. आईबरोबर दिवसभर असलेला मुलगा ‘मी जाते’, ‘मी येते’ म्हणतो. बाबांबरोबर किंवा आजोबांबरोबर जास्त असलेली मुलगी ‘मी खातो’ म्हणते. शेजारीपाजारी हसतात, एखाद्या घरी काळजीही करतात. काळजीचं कारण नाही. जवळचं माणूस स्वतःबद्दल जसं बोलतं तसं मूल स्वतःबद्दल बोलतंय, एवढंच. घरात निरनिराळ्या माणसांचं बोलणं कानावर पडत गेलं की हे सुटतं. त्याच्या आसपासच ‘तुला उचल’ येतं, म्हणजे ‘मला उचल’. सगळं घर मुलाला ‘तू’ म्हणतं, तेव्हा आपलं नाव ‘तू’ आहे असा निष्कर्ष काढणं अगदी रास्त आहे. ‘तुला नाही, मला म्हण’ अशी दुरुस्ती केली की गोंधळ दुप्पट होतो, कारण आपल्या तोंडून निघालेला ‘मला’ म्हणजे पुन्हा आपणच. ‘उचलून घेऊ? ये, मी घेते’ असं बोलून पुढे जावं. ‘मी’ आणि ‘तू’ची अदलाबदल मुलांना मोठ्यांची आपापसातली बोलणी ऐकून कळते, म्हणून जेवताना मोठ्यांनी एकमेकांशी बोलणं हासुद्धा भाषेचा तास आहे.

आणखी थोड्या दिवसांनी ‘बाबा जाला’, ‘मी करलं’ सुरू होतं. घरात कोणीही, कधीही ‘जाला’ म्हटलेलं नसतं. म्हणजे हा शब्द मुलाने उचललेला नाही, घडवलेला आहे: बस, बसला, पड, पडला, मग जा, जाला. नियम सापडला, अपवाद अजून सापडायचे आहेत. ‘हो, बाबा गेला’ एवढं उत्तर पुरेसं असतं. थांबवून ‘गेला म्हण, गेला म्हण’ केलं की मूल जे सांगत होतं तेच विसरतं.

बोबड्या बोलांबद्दल एक विनंती. बरीच लहान मुलं ‘क’च्या जागी ‘त’ आणि ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणतात, आणि काका ‘ताता’ होतात. मग कौतुकाने मोठी माणसंही ‘ताता आले’ म्हणू लागतात. अशा वेळी मुलाकडे नीट बघा. पुष्कळ मुलं चिडून सांगतात, ‘ताता नाही, ताता!’ त्याला आपलं ‘ताता’ चुकीचं ऐकू येतं. कान पुढे गेलेला असतो, जीभ मागे राहिलेली असते. जीन बर्को आणि रॉजर ब्राऊन या अभ्यासकांनी हे १९६० मध्येच नोंदवलं होतं. त्यांच्या नोंदीतलं मूल खेळण्यातल्या माशाला ‘फिस’ म्हणायचं. मोठ्यांनी ‘फिस’ म्हटलं की नाही म्हणायचं, ‘फिश’ म्हटलं की पटायचं. तेव्हा मुलाने बोबडं बोलावं, आपण नीट बोलावं. ‘भूभू’, ‘माऊ’, ‘चिऊ’ या शब्दांना आमची काहीच हरकत नाही. ते म्हणायला सोपे, आवाजावरून ओळखू येणारे, मराठीतलेच शब्द आहेत. गाईलाही ‘भूभू’ म्हटलं तर ‘हो, चार पाय, शेपटी. ही हम्मा’ म्हणावं. चार पाय आणि शेपटी हे मुलाने बरोबर पाहिलेलं असतं.

हसण्यावारी नेऊ नये अशा गोष्टीही इथेच सांगून टाकतो. दीड वर्षापर्यंत मूल बोट दाखवून काही मागत किंवा दाखवत नसेल, अठरा महिन्यांपर्यंत अर्थ असलेला एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत ‘आई ये’, ‘पाणी दे’ अशी स्वतः जुळवलेली दोन शब्दांची जोडी नसेल, किंवा आलेले शब्द कोणत्याही वयात गळून गेले असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावं आणि ऐकण्याची तपासणी आधी करून घ्यावी. ‘आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात’ म्हणून वर्ष घालवू नये.

आता ती मुठीएवढी गाडी. मूल गाडीचं चिमुकलं दार उघडतं, बोटं अगदी अचूक चिमटीत येतात, आणि मग त्या दारात अख्खा पाय कोंबायला लागतं. न शिरणारा पाय बघून ते खरोखर बुचकळ्यात पडतं. २००४ मध्ये ज्युडी डिलोच आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात याचा अभ्यास मांडला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना आधी बसता येईल एवढी खुर्ची, घसरगुंडी, गाडी खेळायला दिली, मग गुपचूप त्यांच्या जागी तशाच पण इवल्याशा वस्तू ठेवल्या. पुष्कळ मुलांनी त्या इवल्या खुर्चीवर बसायचा आणि इवल्या घसरगुंडीवरून घसरायचा मनापासून प्रयत्न केला. ‘ही गाडी आहे, गाडीत बसतात’ हे डोक्यात उजळतं आणि ‘ही केवढी आहे’ हे त्या क्षणी मागे पडतं. बोटांना मात्र आकार कळलेला असतो. घरी असं दिसलं तर थांबून बघा, मदतीची घाई करू नका. फक्त काचेची किंवा पातळ प्लॅस्टिकची टोकदार खेळणी या वयात हाताशी ठेवू नका, कारण मूल त्यांच्यावर बसणार आहे.

फोनवर मान डोलावणं आणि डोळे झाकून लपणं ही भावंडंच. समोरच्याला काय दिसतं ते आपल्याला दिसतं त्याहून वेगळं असू शकतं, ही समज चौथ्या वर्षाच्या आसपास पक्की होते. तोवर फोनवरच्या आजीला मोठ्या माणसाने सांगावं, ‘तिने मान हलवली, हो म्हणाली.’ मुलाला काही दिवसांत कळतं की मान हलवण्याचं कोणीतरी बोलण्यात रूपांतर करतंय.

वस्तू हरवण्याची गंमत जरा गंभीरपणे घ्यावी लागते. साधारण एक ते दीड वर्ष हे ‘आत टाक, बाहेर काढ’चं वय. किल्ल्या बुटात, रिमोट कपड्यांच्या बादलीत, चमचा कचऱ्यात. हे लपवणं नसतं. कोणत्या भोकात काय मावतं याचा शोध चाललेला असतो. झाकणाला खाच पाडलेला एक पत्र्याचा किंवा प्लॅस्टिकचा डबा आणि त्या खाचेतून पडतील अशी मोठी झाकणं दिली तर वीस-वीस मिनिटं शांततेत जातात. झाकणं निवडताना एक माप लक्षात ठेवा: ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू जाते ती तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या हातात नको, घशात अडकू शकते. आणि तो रिमोट. त्यात, खेळण्यात, वजनकाट्यात, चाव्यांच्या जुडग्यात चपटी गोल बॅटरी असू शकते. विशेषतः २० मिलिमीटरची बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते, तीही बॅटरी फुटल्याशिवाय. ओल्या त्वचेला चिकटून तिच्यातून वीज वाहते आणि तिथे दाहक क्षार तयार होतो. झाकण स्क्रूने बंद होत नसेल ते उपकरण वरच्या फळीवर. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला न बघता थेट रुग्णालय गाठा. बादलीचंही तसंच: या वयात डोकं जड, खांद्यात जोर कमी, वाकून बघणारं मूल आत तोंडावर पडलं तर स्वतःला वर उचलू शकत नाही. चार-पाच सेंटीमीटर पाणीही पुरतं. वापर झाला की बादली पालथी.

पडण्याबद्दल मात्र मोठ्यांनी काळजी थोडी कमी करावी. न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती आणि १७ वेळा पडत होती. चालणं असंच येतं. घरात अनवाणी पाय बरे, बोटांनी जमीन धरता येते. पडल्यावर मूल पहिल्यांदा आपल्या चेहऱ्याकडे बघतं. आपण श्वास रोखून ‘अगं बाई!’ म्हटलं की रडणं ठरलेलं. काळजी करायची तर कपाटाची करा. खणांच्या पायऱ्या करून मुलं वर चढतात आणि अख्खं कपाट अंगावर येतं; ते पट्टीने भिंतीला बांधून टाका.

जेवणाच्या वेळच्या गमती वाटीच्या आणि चमच्याच्या असतात. भरलेला चमचा ओठांपाशी आला की उलटा होतो, कारण मनगट वळवून चमचा आडवा ठेवणं अजून साधत नाही. घट्ट, चमच्याला चिकटणारं खाणं, आखूड आणि जाड दांड्याचा चमचा, उभ्या काठाची वाटी, एवढ्याने निम्मं सांडणं थांबतं. पेल्यात पाणी दोन बोटंच. पहिलं वाढणं थोडंसं हवं: प्रत्येक पदार्थ वयाच्या दर वर्षामागे साधारण एक मोठा चमचा, मागितलं तर आणखी. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं. किती खायचं हे मुलाच्या पोटाला ठरवू द्यावं. नवा पदार्थ आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा ताटात दिसल्यावर तोंडात जातो, म्हणून तिसऱ्या दिवशी ‘आवडत नाही’ असा शिक्का मारू नये. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध पिणारं मूल जेवत नाही आणि त्याला लोह कमी पडू शकतं; ‘काहीच खात नाही’ ही तक्रार असेल तर आधी दूध मोजा. ताटातलं खाली फेकणं बहुतेक वेळा ‘झालं’ या शब्दाऐवजी येतं. शेजारी एक रिकामी वाटी ठेवा आणि ‘झालं की यात’ हे हाताने करून दाखवा. आठवडाभर लागतो.

ज्या एका वाक्याने घराघरातल्या सकाळी अडतात ते म्हणजे ‘माझं मी’. इथे आम्ही जरा रेंगाळणार आहोत. मुलाला सगळं स्वतः करायचं असतं आणि त्यातला शेवटचा टप्पाच तेवढा जमण्यासारखा असतो. तर शेवटचा टप्पाच त्याला द्यावा. चड्डी घालताना मुलाला बुटक्या स्टुलावर बसवा, दोन्ही पाय आपण घाला, चड्डी गुडघ्यापर्यंत आणा आणि मग मुलाला उभं करून ‘आता तू ओढ’ म्हणा. मूल दोन्ही हातांनी पुढूनच ओढतं, मागची बाजू ढुंगणाखाली अडकते, चड्डी पुढे पोटावर आणि मागे उघडी. हसायला येतं, पण मुलाला काय बिघडलंय ते दिसत नाही, पाठीमागे डोळे नाहीत. त्याचा एक हात धरून मागच्या इलॅस्टिकमध्ये अंगठा घालून द्या. चार-पाच दिवसांत हात स्वतःच मागे जातो. मग टप्पा वाढवायचा: घोट्यापासून ओढणं, मग एक पाय घालणं. वरून खाली शिकवायला गेलं की पहिल्याच पायाला गाडी अडते आणि शेवटचा ‘जमलं!’चा क्षण कधी येतच नाही.

सदऱ्यात डोकं अडकल्यावर मुलं घाबरतात, कारण क्षणभर अंधार होतो आणि तोंडावर कापड येतं. सदरा गळ्यापर्यंत गोळा करून कड्यासारखा धरायचा, डोकं पटकन बाहेर, मग हात. पुढून उघडणाऱ्या स्वेटरची युक्ती वेगळी: तो जमिनीवर उघडा पसरायचा, अस्तर वर, गळ्याची बाजू मुलाच्या पायांकडे. मूल वाकून दोन्ही हात बाह्यांत घालतं आणि हात डोक्यावरून मागे नेतं. स्वेटर अंगावर. दोन वर्षांची मुलंही हे शिकतात आणि दिवसातून दहा वेळा करून दाखवतात. उलटसुलट बुटांवर उपाय असा: एक गोल चिकटचित्र मधोमध कापायचं, डावा अर्धा डाव्या बुटात आतल्या कडेला, उजवा अर्धा उजव्यात. बूट बरोबर ठेवले की चित्र पूर्ण होतं. नाडीऐवजी चिकटपट्टीचे बूट, टाचेला ओढायला दोऱ्याची कडी, आणि पुढे अंगठ्यापलीकडे सुमारे एक सेंटीमीटर जागा. या सगळ्याला सकाळी दहा मिनिटं जास्त लागतात. ती आदल्या रात्री कपडे काढून ठेवून मिळवावी लागतात, आयत्या वेळी ती सापडत नाहीत.

मदत करायला धावणारं मूल काम वाढवतं, हे खरं आहे. तरी हाकलू नका. २००६ मध्ये वार्नेकेन आणि टोमासेलो या संशोधकांनी दाखवलं की दीड वर्षाची मुलं, कोणी न सांगता आणि बक्षिसाशिवाय, मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू उचलून देतात. या धावण्याला छोटं, खरं काम द्या: ओलं फडकं घट्ट पिळून, पुसायला एकच फरशी, धुतलेल्या कपड्यांतले मोजे वेगळे करणं, एकेक चिमटा हातात देणं. काम संपल्याचं दिसलं पाहिजे. ‘खोली आवर’ हे काम नाही, ‘गाड्या या डब्यात’ हे काम आहे.

हसण्याबद्दल आमचं एक कळकळीचं सांगणं आहे. मूल पहिल्यांदा कोणाला चापट मारतं किंवा कुठूनतरी ऐकलेली शिवी बोबड्या आवाजात देतं, तेव्हा खोलीत एकच हशा होतो. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर तेच केलं तर ओरडा बसतो. मुलाच्या बाजूने बघितलं तर काल ज्याने सगळे खूश झाले तेच त्याने आज केलं. अशा वेळी हसू आलं तर तोंड फिरवा, भुवया उंचावू नका, भाषण देऊ नका, दुसरा मजेदार शब्द पुढे करा. दाद न मिळालेला शब्द बहुधा थोड्या दिवसांत मागे पडतो. मूल बाहुलीला रागावताना आपल्याच सुरात, आपलंच बोट नाचवत रागावतं, तेव्हाही बघण्यासारखं असतं. आठवड्यापूर्वी पाहिलेली कृती चौदा महिन्यांची मुलं आठवून करतात, हे मेल्टझॉफ या मानसशास्त्रज्ञांच्या १९८८ मधल्या प्रयोगांत दिसलं आहे. आणि मूल रडून लाल झालेलं असताना त्याच्यावर मोबाइल रोखणं बंद करा. त्या घटकेला त्याला आपला चेहरा हवा असतो आणि समोर येते मोबाइलची पाठ. ती चित्रफीत पुढे कोण बघणार हे ठरवायला त्याला अजून बरीच वर्षं आहेत, तोवर ती आपण कोणाला पाठवू नये.

शेवटी थयथयाट. बिस्किट मोडलं म्हणून जमिनीवर लोळणारं मूल बघून बाहेरच्याला हसू येतं, घरच्यांना लाज वाटते. मुलाला अख्खं बिस्किट हवं होतं, त्याचं चित्र डोक्यात तयार होतं, आणि मोडलेलं जुळत नाही हे त्याला अजून पटलेलं नाही. ‘चव तीच आहे’ हे समजावणं तेव्हा निरुपयोगी. ‘मोडलं. अख्खं हवं होतं’ एवढंच म्हणावं. दुसरं असेल आणि द्यायचं असेल तर रडं चढायच्या आधी द्यावं, अर्ध्या तासाच्या रडण्यानंतर नाही. आणि पुढच्या वेळी ‘तू मोड’ म्हणून मुलाच्याच हातात द्यावं. स्वतः मोडलेल्या बिस्किटावर सहसा कोणी रडत नाही.

रडं चढलंच तर एक क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. आधी टोकदार कडा, जिना, कडक वस्तू दूर. मग आपण हातभर अंतरावर खाली बसायचं आणि गप्प राहायचं. लाथा-किंचाळ्या सुरुवातीला असतात, तेव्हा प्रश्न विचारले, जवळ ओढलं, पर्याय दिले की भडका वाढतो. मोजलेल्या थयथयाटांपैकी बहुतेक पाच मिनिटांच्या आत संपलेले आढळले आहेत. बसून असलेल्या माणसाला ती पाच मिनिटं फार लांब वाटतात, म्हणून घड्याळ बघावं. ओरडणं उतरून रडण्यात हुंदके आले की मूल आपल्याकडे बघतं किंवा सरकतं. जवळ घ्यायची वेळ ती. काही मुलं रडता रडता श्वास धरतात, ओठ निळसर होतात, क्षणभर शुद्धही जाते. अशा वेळी गदागदा हलवू नका, तोंडात पाणी घालू नका. कुशीवर झोपवा, मिनिटाच्या आत श्वास सहसा आपोआप सुरू होतो. पहिल्यांदा झालं असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि रक्तातलं लोह तपासा. श्वास परत आला नाही तर मात्र तातडीची मदत. थयथयाट रोज ठरावीक वेळी होत असेल तर झोप मोजा. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास लागतात, आणि दुपारची झोप हुकलेल्या मुलाची संध्याकाळ कोणतीही युक्ती वाचवत नाही.

हुंदके थांबले की मूल उठतं, इकडेतिकडे बघतं आणि काही घडलंच नाही अशा आवाजात ‘पाणी’ म्हणतं. आपला राग तेव्हा उतरलेला नसतो, आणि ‘आता कळलं का?’ तोंडावर आलेलं असतं. ते गिळावं. पाणी द्यावं, नाक पुसावं, आणि मघाशी अर्धवट राहिलेला बूट, चित्राची अर्धी बाजू आतल्या कडेला येईल असा, त्याच्यासमोर ठेवावा.

आपल्या विश्वासू,
पाळणाघरात काम करणाऱ्या दोन वाचक